सोळाव्या-सतराव्या शतकातला इंग्लंडचा साधा जहाजसुतार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं साधारण १५०० ते १७०० या काळाची आहेत. भर टेम्स आणि मेडवे नद्यांकाठच्या शाही गोद्यांवर आहे, कारण हिशेबाच्या वह्या तिथल्याच जास्त टिकल्या. पैशांचं गणित सोपं आहे: १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड.

घरं बांधणारा सुतार आणि जहाजसुतार यांत फरक काय?

घराचा सुतार सरळ रेषेत आणि काटकोनात काम करतो. जहाजात सरळ असं फारच थोडं. फासळी वळलेली, फळी दोन दिशांनी पिळलेली, आणि तिचा कड शेजारच्या फळीला इतका चिकटून बसला पाहिजे की मधल्या फटीत फक्त दोराचे धागे जावेत. शिवाय घर एका जागी उभं राहतं, तर जहाज लाटेवर सतत वाकतं. सांधा नुसता घट्ट असून भागत नाही, तो हलूनही टिकायला लागतो.

या धंद्यातही उपजाती होत्या. लाकूड तासून आकार देणारे, फळ्या ठोकणारे आणि फटी बुजवणारे वेगवेगळे. भोकं पाडणारे आणि करवतीवरचे लोक यांचं खातंही निराळं असे. लहान बंदरात मात्र एकच माणूस सगळं करायचा, आणि काम नसेल तेव्हा होड्या आणि वल्ही दुरुस्त करून पोट भरायचा.

हे लोक राहायचे आणि काम करायचे कुठे?

पोर्ट्‌समथला १४९५-९६ मध्ये सातव्या हेन्रीने कोरडी गोदी बांधून घेतली. आठव्या हेन्रीच्या काळात १५१२ च्या सुमारास वुलिच आणि १५१३ मध्ये डेप्टफर्ड सुरू झालं. चॅटममध्ये १५४७ पासून जहाजांचं सामान ठेवायला गुदामं घेतली गेली आणि एलिझाबेथच्या कारकिर्दीत ती मोठी गोदी झाली. शीअरनेस १६६५ चं, प्लिमथ १६९० च्या दशकातलं.

खासगी बांधणी रॉदरहाइद, लाइमहाउस, वॉपिंग आणि पूर्व किनाऱ्यावर इप्सविच-वुडब्रिजच्या बाजूला चालायची. ईस्ट इंडिया कंपनीने १६१४ मध्ये ब्लॅकवॉलला स्वतःची गोदी काढली, तेव्हा टेम्सवरच्या सुतारांना तिसरं मोठं गिऱ्हाईक मिळालं. कारागीर गोदीच्या भिंतीला लागून असलेल्या गल्ल्यांत भाड्याने राहत. घंटा वाजली की चालत पोचता आलं पाहिजे, एवढा एकच निकष.

धंदा शिकायचा कसा?

सात वर्षांची उमेदवारी. १५६३ च्या कारागिरांच्या कायद्याने ही मुदत देशभर सक्तीची केली. मुलगा साधारण चौदाव्या-पंधराव्या वर्षी करारावर निशाणी करायचा आणि उस्तादाच्या घरीच राहायचा. जेवण, झोपायची जागा आणि शिक्षण उस्तादाकडून. बदल्यात मुलाची मेहनत त्याची.

या व्यवस्थेत एक खोच होती. शाही गोदीत उमेदवाराच्या नावावर रोज निघायचा आणि तो जायचा उस्तादाच्या खिशात. त्यामुळे ज्या अधिकाऱ्यांच्या हातात नेमणुका, त्यांच्याकडे उमेदवारांची रांग लागलेली असायची आणि शिकवण्याकडे किती लक्ष दिलं जाई हा वेगळा प्रश्न. फिनियस पेट हा पुढे नावाजलेला मुख्य जहाजसुतार झाला, पण १५९० मध्ये डेप्टफर्डच्या रिचर्ड चॅपमनकडे उमेदवारीला लागला तेव्हा कपडे आणि अवजारं यांसाठी त्याला वर्षाला २ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स ठरले होते. बापही मुख्य जहाजसुतार, स्वतः केंब्रिजला शिकलेला, तरी सुरुवात इथूनच. साध्या घरच्या मुलाच्या वाट्याला याहून चांगलं काही आलं असेल असं मानायचं कारण नाही.

पहिली एक-दोन वर्षं मुलगा राळ वितळवणं, खुंट्या वाहणं, अवजारांना धार लावणं हेच करायचा. मग लाकूड तासायचा वाकस हातात यायचा.

अवजारं कोणती? ती कुणाची?

अवजारं कारागिराची स्वतःची. मुख्य म्हणजे लांब दांड्याचा वाकस, रुंद पात्याची कुऱ्हाड, निरनिराळ्या मापांची गिरमिटं, पटाश्या, जड हातोडा, लाकडी मोगरी, दोन फुटी पट्टी, कंपास, खडूची दोरी आणि ओळंबा. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ जहाजावरच्या सुतारांच्या पेट्या समुद्रतळातून वर आल्या. त्यांतले रंधे, मोगऱ्या, पट्ट्या बघितल्या तर कोकणातल्या कुठल्याही होडी बांधणाऱ्याला त्या कशासाठी आहेत हे सांगावं लागणार नाही.

वाकस चालवण्याची पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. कारागीर लाकडावर किंवा त्याच्या बाजूला पाय फाकून उभा राहतो आणि पातं स्वतःच्या पायांकडे ओढत तासतो. आधी कुऱ्हाडीने ठरावीक अंतरावर खाचा पाडायच्या, प्रत्येक खाच खडूच्या रेषेपर्यंत; मग खाचांमधलं लाकूड ढलप्यांनी उडवायचं, आणि शेवटी वाकसाने पातळ पापुद्रे काढत पृष्ठभाग सपाट करायचा. लाकडात गाठ आली की पातं उसळतं आणि नडगीवर बसतं. बोथट वाकस धारदार वाकसापेक्षा धोक्याचा, कारण तो लाकडात रुतण्याऐवजी घसरतो.

मोठ्या ओंडक्यांच्या फळ्या पाडायला खड्ड्यावर करवत चालायची. एक माणूस ओंडक्यावर उभा राहून रेषेकडे बघत करवत चालवायचा, दुसरा खाली खड्ड्यात भुसा डोळ्यांत घेत ओढायचा. ही जोडी फुटावर पैसे घेई, रोजावर नव्हे.

कामाचे तास किती?

१५६३ च्या कायद्याप्रमाणे मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पहाटे ५ ला हजर आणि संध्याकाळी ७ ते ८ पर्यंत काम. जेवणाखाण्याला आणि विश्रांतीला मिळून जास्तीत जास्त अडीच तास. मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारी अर्धा तास झोपायची मुभाही त्यातच. हिवाळ्यात उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. दांडी मारली तर तासाला एक पेनी कापायची.

घाईचं काम निघालं की जादा वेळ. शाही गोद्यांत त्याची मोजणी पुढे ठरून गेली: दीड तासाची एक ‘भरती’ आणि पाच तासांची एक ‘रात्र’. ‘रात्र’ केली की पूर्ण दिवसाचा रोज. थकलेल्या माणसाकडून मशालीच्या उजेडात केलेलं काम कसं होत असेल हे सांगायला नको, पण पगार थकलेला असताना कारागीर स्वतःच ‘रात्री’ मागायचे.

मजुरी किती मिळायची?

१४९५ च्या आणि पुन्हा १५१४ च्या कायद्याने कमाल दर ठरवून दिले होते. २ फेब्रुवारी ते २९ सप्टेंबर या मोठ्या दिवसांत हाताखाली माणसं असलेल्या मुख्य सुताराला जेवणखाण धरून ५ पेन्स, जेवणाशिवाय ७. लाकूड तासणाऱ्याला ४ किंवा ६. फळ्या ठोकणाऱ्या हुशार कारागिराला ३ किंवा ५, आणि आतून हातोडा धरून उभ्या राहणाऱ्या त्याच्या जोडीदाराला २ किंवा ४. भरती-ओहोटीच्या वेळेनुसार काम करणाऱ्या फटी बुजवणाऱ्याला प्रत्येक ओहोटीमागे जेवणासह ४ पेन्स. जेवणाशिवायचा दर सगळीकडे २ पेन्सनी जास्त आहे, म्हणजे दिवसाचं खाणंपिणं २ पेन्सचं धरलं होतं.

त्यानंतरच्या दीडशे वर्षांत महागाई इतकी वाढली की हे आकडे निरर्थक झाले. १६५० च्या सुमारास शाही गोदीतल्या जहाजसुताराचा रोज २ शिलिंग १ पेनी ठरला आणि तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जवळपास तसाच राहिला. सहा दिवसांचे १२ शिलिंग ६ पेन्स. वर आठवड्याला अडीच पेन्स घरभाडं. खासगी गोद्यांत रोज जास्त असायचा आणि हातात लवकर पडायचा, पण जहाज पाण्यात गेलं की काम संपलं. शाही गोदीत काम टिकायचं. पैसे मात्र थकायचे.

पगार खरंच इतका थकायचा?

हो, आणि या माणसांचं वागणं समजून घ्यायचं तर हे आधी ध्यानात घ्यावं लागतं. पगार तिमाही मोजला जाई, पण तिजोरीत पैसा नसला की दोन-दोन, चार-चार तिमाह्या मागे पडत. १६६० च्या दशकात डचांशी युद्ध चालू असताना स्थिती फार बिघडली. नौदल कचेरीतला अधिकारी सॅम्युएल पीप्स याच्या रोजनिशीत पगाराविना उपाशी राहिलेल्या कामगारांचे आणि खलाशांचे उल्लेख पुन्हा पुन्हा येतात. जून १६६७ मध्ये डच आरमार मेडवे नदीत घुसलं, चॅटमजवळ उभी असलेली जहाजं जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ ओढून नेलं, तेव्हा गोदीतले अनेक लोक कामावर आलेच नव्हते. फितुरी म्हणून याकडे बघणाऱ्यांनी आधी पगारपत्रक बघावं.

मधल्या काळात घर चालायचं उधारीवर. खानावळवाला आणि वाणी कारागिराची पगाराची चिठ्ठी कमी भावाने घेत. म्हणजे कागदावरचा २५ पेन्सचा रोज (२ शिलिंग १ पेनी) प्रत्यक्षात २५ चा नसे.

ढलप्यांचा हक्क म्हणजे काय? तो इतका गाजला का?

तासकामात पडलेल्या ढलप्या आणि निरुपयोगी तुकडे घरी न्यायची मुभा होती. सरपण मिळावं एवढाच मूळ हेतू. पण पगार मिळेना तसा हा हक्क कमाईचं साधन झाला. कामाच्या वेळेत चांगलं लाकूड तोडून त्याचे ‘ढलप्या’ म्हणून तुकडे करायचे आणि दिवसातून तीन वेळा मोळी बाहेर न्यायची, अशी तक्रार १६३४ मध्ये वरपर्यंत गेली होती. मोळीत खिळे आणि तांब्याचे तुकडेही जात.

तुकड्याची लांबी तीन फुटांच्या आत असावी असा नियम आला. परिणाम उलटा झाला: लांब चांगलं लाकूड तीन फुटांच्या आत बसावं म्हणून कापलं जाऊ लागलं. मग काखेत मावेल एवढंच न्या, असा नियम. अखेर १८०१ मध्ये हा हक्क बंद करून जहाजसुताराला त्याबदली दिवसाला ६ पेन्स सुरू झाले. चौथाई रोजाएवढी ती रक्कम बघितली की ढलप्यांची खरी किंमत कळते.

लाकूड कोणतं आणि किती लागायचं?

सांगाड्याला आणि बहुतेक फळ्यांना ओक. कण्याला (तळातलं मुख्य लांब लाकूड, कोकणात ज्याला पठाण म्हणतात) एल्म, कारण कायम पाण्याखाली राहिलं तर एल्म कुजत नाही आणि खिळ्या-खुंट्यांनी फाटतही नाही. मात्र ओलं-सुकं होत राहिलं तर तेच एल्म लवकर जातं, म्हणून पाण्याच्या रेषेच्या वर ते वापरत नसत. डोलकाठ्यांना बाल्टिककडून येणारं पाइन, पुढे न्यू इंग्लंडचंही.

‘मेरी रोझ’साठी सुमारे ६०० मोठे ओक लागले असावेत असा अंदाज आहे. पण नुसती संख्या फसवी आहे. खरी टंचाई बाकदार लाकडाची. फासळीला जो बाक हवा तो झाडातच असायला हवा, म्हणजे धागा बाकाबरोबर वळतो. सरळ ओंडक्यातून बाक कापून काढला तर धागा आडवा तुटतो आणि पहिल्या मोठ्या तडाख्याला फासळी तिथेच मोडते. असा बाक दाट रानात वाढलेल्या झाडात मिळत नाही. तिथे झाडं उजेडासाठी सरळ वर जातात. तो मिळतो शेताच्या बांधावर, मोकळ्यावर वाढलेल्या ओकात, ज्याच्या फांद्या चहूकडे पसरतात. डेकची तुळई आणि बाजूची भिंत जोडणारे ‘गुडघे’ तर खोड आणि फांदी जिथे मिळतात त्या नेमक्या कोपऱ्यातूनच काढावे लागत. म्हणून अनुभवी जहाजसुतार फर्मे (फासळ्यांच्या आकाराचे नमुने) घेऊन रानात जायचा आणि उभ्या झाडाला फर्मा लावून बघायचा.

लाकूड ‘लोड’मध्ये मोजत. तासलेल्या लाकडाचे ५० घनफूट म्हणजे एक लोड. ओल्या ओकचा एक लोड दीड टनाच्या आसपास भरतो. रस्ते चिखलाचे, त्यामुळे नदीपासून लांबचं लाकूड वाहतुकीनेच महाग व्हायचं.

लाकूड मोजताना फसवणूक कशी व्हायची?

ऑगस्ट १६६२ मध्ये वुलिचचा जहाजसुतार अँथनी डीन याने पीप्सला वॉल्टमच्या रानात नेऊन हे दाखवलं. गोम अशी: व्यापारी ओंडका पूर्ण चौकोनी न तासता चारही बाजूंनी वरवर तासायचा. कोपरे गोलच राहायचे, पण माप घेताना समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर धरून पूर्ण चौकोनाचा हिशेब लावायचा.

आकड्यांत बघा. २४ इंच व्यासाचा ओंडका पूर्ण चौकोनी तासला तर बाजू सुमारे १७ इंच, क्षेत्रफळ सुमारे २८८ चौरस इंच. वरवर तासून बाजूंमधलं अंतर २० इंच ठेवलं तर हिशेब ४०० चौरस इंचांचा होतो. प्रत्यक्षात लाकूड असतं ३८० च्या आसपास. म्हणजे कोपऱ्यांतल्या हवेचेही पैसे. आणि त्यातला बराचसा भाग सालीलगतचं कच्चं लाकूड, जे जहाजात सगळ्यात आधी कुजतं.

कागदावर आराखडा नसताना जहाजाचा आकार कसा ठरायचा?

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तो उस्तादाच्या डोक्यात आणि फर्म्यांत असायचा. आधी तीन मापं: कण्याची लांबी, रुंदी, खोली. मग जहाजाच्या मध्यावरचा छेद. तो वर्तुळाच्या वेगवेगळ्या त्रिज्यांचे कंस एकमेकांना जोडून बनतो: तळाजवळ एक, पोटाच्या वळणाला दुसरा, वरच्या बाजूला तिसरा.

पुढचं काम खऱ्या हुशारीचं. प्रत्येक फासळीसाठी नवा फर्मा करत नसत. मध्याचाच फर्मा पुढच्या आणि मागच्या फासळ्यांसाठी थोडा वर उचलायचा आणि थोडा आत सरकवायचा. किती वर आणि किती आत, ते फर्म्यांवर कोरलेल्या खुणा सांगायच्या. दोन फर्म्यांच्या खुणा जुळवल्या की त्या जागच्या फासळीचा आकार तयार. टोकांकडे ही युक्ती चालत नाही, कारण तिथे आकार फार वेगाने बदलतो. तिथे आधी उभ्या केलेल्या फासळ्यांवरून लवचीक पट्ट्या ताणून बसवायच्या आणि पट्टी ज्या रेषेत जाते त्या रेषेत मधल्या फासळ्या तासायच्या. साधा कारागीर वाचायला शिकलेला नसला तरी त्याचं अडत नसे. खुणा वाचता आल्या की पुरे.

मॅथ्यू बेकर (१५३० ते १६१३) याने हे सगळं कागदावर आणि अंकगणितात आणलं. १५७२ मध्ये तो मुख्य जहाजसुतार झाला. त्याची चित्रं केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आहेत. त्यांतल्या एकात जहाजाच्या पाण्याखालच्या भागावर मासा काढलेला आहे: डोकं जाड, शेपूट निमुळती. पाणी पुढून फाकवून मागून सुरळीत मिटवायचं, ही त्यामागची कल्पना.

जहाज किती टनांचं, याचा हिशेब कसा करत?

बेकरच्या नियमाने कणा गुणिले रुंदी गुणिले खोली, सगळं फुटांत, भागिले १००. कणा ६०, रुंदी २४, खोली १२ असेल तर १७२.८ टन. अवजड मालाचा हिशेब करताना त्यात एक-तृतीयांश मिळवायचा, म्हणजे सुमारे २३०. एलिझाबेथच्या काळात १०० टनांवरच्या जहाजाला टनामागे ५ शिलिंग बक्षिसी होती, तेव्हा माप फुगवण्यात मालकाला रस असायचा हे ओघानं आलंच.

बांधणीचा क्रम काय?

१. गोदीच्या किंवा उतरत्या काठाच्या तळाशी ओकचे ठोकळे ठेवून त्यांवर कणा मांडायचा. एवढं लांब एल्म मिळत नाही, म्हणून दोन-तीन तुकडे लांब तिरक्या सांध्याने जोडायचे. ‘मेरी रोझ’चा कणा तीन तुकड्यांचा आहे.

२. पुढचा बाकदार खांब आणि मागचा उभा खांब बसवायचा. इथे ओळंबा चुकला तर जहाज जन्मभर एका बाजूला ओढतं.

३. कण्यावर आडव्या तळफासळ्या, त्यांवर आतला कणा, आणि तिघांना आरपार लोखंडी बोल्ट.

४. त्यापुढे फासळीचे पुढचे तुकडे एकमेकांवर चढवत वर न्यायचे. शेजारशेजारच्या फासळ्यांचे सांधे एका रेषेत आले तर भिंतीला तिथे कमकुवत पट्टा तयार होतो, म्हणून ते वरखाली ठेवायचे.

५. बाहेरच्या फळ्या. आधी जाड पट्टे, मग मधल्या जागा. फार वळण असलेली फळी विस्तवावर धरून, वरून पाणी मारत वाकवत. उष्णता एका जागी जास्त लागली की फळी करपते आणि तो भाग ठिसूळ होतो. वाफेच्या पेट्या अठराव्या शतकात आल्या.

६. आतलं अस्तर, डेकच्या तुळया, गुडघे, डेकच्या फळ्या.

७. फटी बुजवणं, डांबर, पाण्यात सोडणं. डोलकाठ्या त्यानंतर.

फळ्यांना खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या का?

ओकमध्ये आंबट रस असतो. तो लोखंड खातो आणि गंजाभोवतीचं लाकूड काळं पडून सडतं. ओकची वाळलेली खुंटी मात्र पाण्याने फुगून घट्ट होते. खुंटी साधारण एक ते दीड इंच जाड, भोकापेक्षा किंचित मोठी. ठोकून बसली की टोक फोडून त्यात पाचर मारायची. एका फळीला प्रत्येक फासळीवर दोन खुंट्या, पण एका रेषेत नाही, नाहीतर फळी त्या रेषेवर फाटते. खुंटी ओली असेल तर ती नंतर आक्रसते, आणि मग गळती कुठून होते हे महिनोन्‌महिने सापडत नाही. फळ्यांची टोकं आणि मोठे सांधे यांना लोखंड लागायचंच.

फटी कशा बुजवायच्या?

जुने डांबरी दोर उसकून त्यांचे धागे सुटे करायचे, त्या धाग्यांचे हाताने वळलेले पेड करायचे. फट पाचरीने जरा उघडून पेड पटाशीसारख्या बोथट लोखंडाने आत बसवायचे. जाड फळीला एकावर एक अनेक थर. मग गरम राळ ओतायची. पेड कमी झाले तर गळती, आणि फार कोंबले तर फळीच फासळीपासून सुटते. चांगला कारागीर मोगरीच्या आवाजावरून फट भरली की नाही हे ओळखतो: भरलेली फट कडक वाजते.

तळाला शेवाळ आणि शिंपले धरले की जहाज एका बाजूला कलवून झुडपांच्या जाळाने ते जाळायचं आणि चरबी, राळ, गंधक यांचा लेप द्यायचा. उष्ण समुद्रातल्या लाकूड पोखरणाऱ्या किड्यावर उपाय म्हणून जॉन हॉकिन्सने बाहेरून एल्मच्या पातळ फळ्यांचं दुसरं कातडं सुचवलं, मध्ये डांबरात भिजवलेले केस. किडा पातळ फळी खातो आणि केसांपाशी थांबतो.

सगळ्यात जास्त काय बिघडायचं?

ओलं लाकूड. फळी वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष लागतं. चार इंची फळीसाठी चार वर्षं कोण थांबणार? १६०९ मध्ये फिनियस पेट बांधत असलेल्या ‘प्रिन्स रॉयल’ जहाजात कच्चं लाकूड वापरल्याच्या आरोपावर खुद्द पहिल्या जेम्सने वुलिचला येऊन चौकशी केली. आरोप करणाऱ्यांत म्हातारा बेकरही होता. राजाने फिनियस पेटला निर्दोष ठरवलं, पण दहा-अकरा वर्षांतच ते जहाज मोठ्या दुरुस्तीला आलं.

याहून मोठं उदाहरण १६७७ च्या तीस जहाजांचं. संसदेने सहा लाख पौंड मंजूर केले, जहाजं घाईने उभी राहिली आणि बरीचशी नांगरूनच ठेवली. काही वर्षांत ती आतून कुजली; पीप्सने त्यांच्या तळघरातून मुठीएवढी अळंबी आपल्या हाताने काढल्याचं लिहून ठेवलं आहे. दोष नुसत्या लाकडाचा नव्हता. झरोके बंद, तळ साफ केलेला नाही, हवा खेळती नाही. ओलं ओक आणि कोंडलेली दमट हवा एकत्र आली की बुरशीला आणखी काही लागत नाही.

दुसरा दोष म्हणजे जहाज कलंडणं. रुंदी कमी पडली आणि वर तोफा चढवल्या की ते वाऱ्याला आडवं होतं. उपाय ओबडधोबड: पाण्याच्या रेषेजवळच्या फळ्या काढून फासळ्यांवर लाकडं ठोकायची आणि पुन्हा फळ्या मारून पोट फुगवायचं. १६२० च्या दशकातल्या एका नाविक अधिकाऱ्याचं मत होतं की अशी ठिगळं लावलेली जहाजं इंग्लंडइतकी जगात कुठेच नसतील. मूळ चूक फर्म्यात असते, हे मात्र जहाज तरंगेपर्यंत कळत नाही.

जहाज पाण्यात सोडताना काय होत असे?

कोरड्या गोदीत बांधलेलं जहाज मोठ्या भरतीला दारं उघडून तरंगवायचं. सगळं भरतीवर अवलंबून. २४ सप्टेंबर १६१० ला वुलिचमध्ये ‘प्रिन्स रॉयल’ सोडायला राजघराणं जमलं होतं. वाऱ्यामुळे भरती कमी चढली आणि जहाज गोदीच्या तोंडाशीच अडकलं. राजा निघून गेला. युवराज हेन्री मध्यरात्रीनंतर परत आला आणि पहाटेच्या भरतीला जहाज सुटलं. गोदीचं तोंड अरुंद असणं ही सुताराची चूक की गोदी बांधणाऱ्याची, यावर तेव्हाही एकमत नव्हतं.

राजा कारागिरांना जबरदस्तीने कामावर नेऊ शकत असे का?

हो. राजाचं फर्मान घेऊन माणूस बंदरोबंदर फिरायचा आणि सुतारांच्या हातावर आगाऊ रक्कम ठेवायचा. ती घेतली की हजर होणं बंधनकारक. प्रवासखर्च मैलावर मिळे. ‘हेन्री ग्रास आ दिअ’ या १५१२ नंतर बांधलेल्या अवाढव्य जहाजासाठी दूरच्या किनाऱ्यांवरून माणसं आणली होती. ज्याचं खासगी काम अर्धवट राहिलं, त्याला भरपाई नाही.

समुद्रावरचा सुतार वेगळा का?

तोच माणूस, पण हुद्दा वेगळा. आरमारी जहाजाचा सुतार कायम नेमणुकीतला अधिकारी असायचा. जहाज बंदरात रिकामं उभं असलं तरी तो त्यावरच. रोज तळातल्या पाण्याची खोली मोजणं, पोकळ एल्मच्या पंपांची चामडी झाकणं बदलणं, लढाईत तोफगोळ्याच्या भोकांत लाकडी बुच, दोराचे पेड आणि शिशाचा पत्रा ठोकणं. भोक पाण्याखाली असेल तर जहाज दुसऱ्या बाजूला कलवून मगच हात घालता येतो.

या परंपरेचा मुंबईशी काही संबंध?

थेट संबंध ईस्ट इंडिया कंपनीतून येतो. १७३६ च्या सुमारास कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना मुंबईत आणलं आणि १७५० मध्ये इथे कोरडी गोदी झाली. मापं आणि आराखडे इंग्रजी, हात इथले, लाकूड सागवान. सागवानात तेल असतं, त्यामुळे त्यात लोखंड गंजत नाही. ओकची मोठी अडचण इथे मुळातच नव्हती. फळ्या जोडायची रीतही वेगळी. इंग्लंडमध्ये कडेला कड लावून फट बुजवत. सुरत-मुंबईचे कारागीर फळीच्या कडेला खाच पाडून एक फळी दुसरीत बसवत. मुंबईत १८१७ मध्ये बांधलेली ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे.

आज हे काम प्रत्यक्ष कुठे बघायला मिळतं?

पोर्ट्‌समथच्या संग्रहालयात ‘मेरी रोझ’चा अर्धा सांगाडा आणि सुतारांची अवजारं आहेत. तिथे आधी फासळ्यांचे सांधे बघा: शेजारी-शेजारी किती वरखाली ठेवले आहेत ते वरच्या गॅलरीतून चांगलं दिसतं. चॅटमच्या जुन्या गोदीत १९९५ मध्ये एका कार्यशाळेच्या जमिनीखाली १७५६ च्या ‘नामुर’ जहाजाची लाकडं सापडली. काळ थोडा नंतरचा, पण त्यांवर कारागिरांनी कोरलेल्या खुणा अजून वाचता येतात.